बुटांच्या खोक्यातलं पत्र

अनगोळ, बेळगाव
रविवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

बूट तू विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते मी विचारणार नाही. खोकं दारामागं जसंच्या तसं होतं, आतला कागदसुद्धा निघाला नव्हता. उद्या सकाळी सीबीटी बसस्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीत देतो. ड्रायव्हरला पैसे मी देईन, तू देऊ नकोस.

आई म्हणाली, फोनवर तुमचं परत तेच होणार, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहालोय. त्या विषयावर अवाक्षर काढणार नाही असं तिला कबूल केलंय.

इकडं पाऊस अजून हटेना. गणपती गेल्यापासून घर मोकळं मोकळं वाटतंय. आईनं परवा कुंदा केला, तुझं ऐकून. म्हणजे स्टीलचं पातेलं माळ्यावर टाकलं आणि आजीचं जाड बुडाचं पितळी काढून कल्हई करून घेतली. तांब्याच्या मानानं स्टील पंचवीसावा हिस्सासुद्धा उष्णता नेत नाही, म्हणून आच लागते तिथंच करपतं, असं तू ओट्यापाशी उभी राहून सांगितलंस ना? आईनं तेव्हा मान उडवली होती. आता शेजारच्या काकूंना तेच सांगते, पण तुझं नाव घेत नाही.

मी मात्र घेतो. परवा भट्टीवरच्या नव्या पोरानं विचारलं, लाल तापलेला तुकडा चुंबकाला का चिकटत नाही म्हणून. मी सांगितलं, ७७० अंशांच्या वर लोखंडातलं चुंबकत्व जातं, थंड झालं की परत येतं. त्याला वाटलं मीच कुठं शिकलोय. म्हटलं, माझी पोरगी शिकते, पदार्थांचे भौतिक गुणधर्म असा अख्खा विषयच आहे त्यांना. कन्नडमध्ये नीट सांगता येईना, तरी सांगितलं.

इंटर्नलला मार्क कमी पडले त्याचं मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. दहावीपर्यंत मराठीतनं शिकून एकदम सगळं इंग्रजीत, जड जाणारच. तिकडच्या मुली तुझ्या 'मी येतो'ला हसतात म्हणालीस. हसू देत. आपल्याकडं बायका 'येतो, जातो'च म्हणतात, तुझ्या आजीचा सगळा जन्म त्यातच गेला.

आता एकच. त्या दिवशी तू म्हणालीस, "पप्पा, लॅबमध्ये एक किलो अल्युमिनियम वितळवायचंय, ती काय तुमची भट्टी नव्हे." एक किलो थोडं, कबूल. पण अल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, आणि पाण्याची वाफ व्हायला १०० पुरे. ओतायचा साचा कोरडा आहे का हे कोण बघतं तुमच्याकडं? सर बघतात की मुलांवर सोडतात? ढवळायची सळई कुठं ठेवलेली असते? सिंकजवळ असेल तर

बघ, सुरू झालं. आईला कबूल केलं होतं. माफ कर.

दुसरं काहीतरी लिहितो. तू तिसरीत असताना पॅटर्न शॉपमधली, म्हणजे ओतकामाचे नमुने करतात तिथली, माझी पट्टी दप्तरात घालून शाळेत नेली होतीस, आठवतंय? वहीतल्या सगळ्या रेघा चुकल्या म्हणून बाईंनी उभं केलं. पंधरा सेंटिमीटरची रेघ दीड मिलिमीटरनं जास्त भरायची. घरी येऊन रडालीस, पप्पांची पट्टी खोटी आहे म्हणून. मी समजावलं होतं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आत ओढलं जातं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी आधीच तेवढी मोठी असते. तुला पटलं नाही. त्याच आठवड्यात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला सायकल थांबवून रुळातली फट बघत बसलीस. तुटलाय म्हणालीस. मी म्हटलं, उन्हात लोखंडाला पाय पसरायला जागा लागते. आणि गेल्या उन्हाळ्यात तूच मला कागदावर मांडून दाखवलंस, तेरा मीटरचा रूळ, चाळीस अंशांचा फरक, सहा मिलिमीटर. तो कागद माझ्या पाकिटात आहे. तुला सांगितलं नव्हतं.

भांडताना तू जे बोललीस, "तुम्हाला कारण माहीत नाही, भीती तेवढी माहीत आहे", त्याचा राग आला होता. आता नाही, कारण ते खरं आहे. तुझी वही टेबलावर राहिली होती. एक भाग पाणी, सुमारे १६०० भाग वाफ, असं तू पेन्सिलीनं लिहून खाली दोन रेघा मारल्यायस. मी स्वयंपाकघरातनं चमचा आणला. पाच मिलिलिटर. हिशेब केला तर आठ लिटर वाफ झाली. दुधाची मोठी किटली भरेल एवढी, आणि तीही एका क्षणात. सव्वीस वर्षं भट्टीवर काढली, हा आकडा मला कुणी सांगितला नव्हता. कारण कळल्यावर भीती कमी होते म्हणालीस. माझी तर वाढली बाई.

सदूमामाचं तुला अर्धंच माहीत आहे. जुन्या कारखान्यातली गोष्ट, जुलै महिना, तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. भंगारात हायड्रॉलिकचा एक जुना सिलिंडर होता, दोन्ही तोंडं बंद. पोरानं वरनं पुसून भट्टीच्या कडेला तापत ठेवला होता. मी विचारलं, वाळलाय का? तो कन्नडमध्ये म्हणाला, "ओणगैत्री", वाळलाय म्हणून. खोटं बोलला नव्हता तो. बाहेरनं वाळलाच होता. पाणी आत होतं. भट्टीत टाक म्हणून मान मी हलवली, मनू. तुला आजवर एवढंच सांगितलं की भट्टी उडाली. सदूमामा अजूनही पेपर एका कुशीला धरून वाचतो आणि मी गेलो की आधी मलाच चहा विचारतो.

हे बुटांबरोबर पाठवायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

बूट सहा नंबरचे आहेत, थोडे सैल वाटतील. लेस नसलेले मुद्दाम घेतलेत, थेंब आत गेला तर पाय झटक्यात बाहेर काढता येतो. पँट बुटात खोचू नकोस, वरनं सोड. मोजे सुतीच घाल, नायलॉनचे वितळून कातडीला चिकटतात. दोन जोड डाव्या बुटात घातलेत, उजव्यात कुंद्याचा डबा आहे. चिमटा, सळई, साचा, सगळं आधी तापवून घे. हात लावून बघू नकोस, तापव. सर हसले तर हसू देत.

तुझी वही ठेवून घेतली आहे. लागत असेल तर कळव, झेरॉक्स काढून मूळ वही पाठवतो.

प्रॅक्टिकल कोणत्या तारखेला आहे ते आईच्या फोनवर टाक. मला सांगू नकोस, तिला सांग. ती मला सांगेल.

तुझे
पप्पा