काचेची खोली आणि खानदेशचं ऊन

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घराला काचेची 'सनरूम' जोडण्याविषयी लेख आला आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटलं.

अमळनेरात आमचं सासऱ्यांच्या वेळचं धाब्याचं घर आहे. दोन फुटी मातीच्या भिंती, सागाचं लाकूड, वर सपाट छतावर खारी माती. यंदा स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे. पुण्यातल्या मुलाने तुमच्या लेखाचा फोटो नकाशे काढणाऱ्यांना धाडला आणि त्यांनी चौथ्या दिवशी मोबाइलवर चित्र आणलं. पश्चिमेची ओसरी गायब, तिथे छतासकट काचेची खोली, आत वेताच्या खुर्च्या. सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "काचनी खोली कसाले व माय?"

पौषात सकाळी पाठीला ऊन मलाही हवं असतं. पण काचेतून ऊन आत येतं, तापलेल्या फरशीची धग मात्र त्या वाटेने सहज बाहेर पडत नाही. आमच्याकडे पारा 45 अंशांना टेकतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा काचेच्या छताखाली वेताची खुर्ची तरी कोण ठेवील? डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेला अर्ध्यावर कललेला असतो. म्हणजे दक्षिणेला मोठी खिडकी आणि वर दोन फुटी छज्जा एवढ्यावर काम भागतं. हिवाळ्यात ऊन आत, मेमध्ये दुपारी बाहेर. पश्चिमेला छज्ज्याचा काही उपयोग नाही, पाचचं ऊन तिरपं थेट घरात शिरतं.

दुसरी गोष्ट भिंतीची. दहा वर्षांपूर्वी एका गवंड्याने मोरीजवळच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून वर टाइल्स लावून दिल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात टाइल्स पोटासारख्या फुगल्या. एक ओढली तर हातभर प्लास्टर हातात आलं आणि मागची माती कालवलेल्या कणकेसारखी ओली. सिमेंटमुळे भिंतीतली ओल बाहेर पडू शकली नव्हती. आता सिंक आणि नळ भिंतीपासून सुटे, विटांच्या वेगळ्या बांधावर घ्यायचे, असं मी ठरवलं आहे.

ओटाही चित्रात 34 इंच उंच. मी पाच फुटांची. कणीक मळताना खांदे कानाला लागतील! चिमणी हवी तर बसवू, पण पुरणाच्या मांड्यांचं खापर आणि भरिताची वांगी भाजायला मागच्या अंगणातली चूल हलणार नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर कुठल्या चिमणीला झेपणार?

आपल्या पुरवणीत धाब्याच्या घरांची दुरुस्ती जाणणाऱ्या आमच्याकडच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीलाही कधी लिहितं करावं, ही विनंती. नकाशे काढणाऱ्यांना मी सांगितलंय, दुसरा नकाशा घेऊन जरूर या, पण मे महिन्यात संध्याकाळी पाचला या. चहा पश्चिमेच्या ओसरीतच देईन.

एक गृहिणी, अमळनेर