चि. निखिलला, रुजू होण्याआधी

उमरगा

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारपासून तू पुन्हा १०८ च्या रुग्णवाहिकेवर रुजू होणार आहेस, आणि तेही रात्रपाळीला, असे काल ताईकडून कळले. तू मला का सांगितले नाहीस ते मी समजते. म्हणून रात्रपाळीविषयी या पत्रात अवाक्षरही काढायचे नाही, असे ठरवून लिहायला बसले आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांनी केलेल्या मारहाणीत पडलेले कपाळाचे टाके निघाले म्हणजे डोके बरे झाले असे नव्हे, हे डॉक्टर मुलाला आईने सांगावे याचे हसू येईल. पण उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. तू इथे होतास तेव्हा ट्यूबलाइट तुझ्या डोळ्यांना खुपत होती आणि भांडे पडले तरी तू दचकत होतास. मेंदूला हादरा बसलेला असताना वरून दुसरा मार लागला तर तो किती महागात पडतो, हे अण्णाच्या पोराला क्रिकेटवरून रागावताना तूच बजावले होतेस. झोप लागत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर. तिथे मराठीत आणि कोणत्याही वेळी बोलता येते. रात्री जागाच राहणार असशील तर... असो.

त्या रात्री दगावलेल्या रुग्णाचे चुलते एका पुढाऱ्याला घेऊन तडजोडीसाठी तुझ्या खोलीवर येऊन गेले, हेही समजले. घरातला कर्ता माणूस डोळ्यांदेखत गेल्यावर जो समोर दिसला त्याच्यावर राग निघाला, हे मला उमगते. परंतु राज्याच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे वैद्यकीय सेवेतील माणसावर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दया येऊन तू जबाब फिरवलास, तर हात गळ्यात बांधून घरी बसलेल्या पायलटकाकांच्या, तुझ्या गाडीच्या चालकाच्या, बाजूने कोण बोलणार? जबाबाची प्रत आणि जखमांचा दाखला लोखंडी कपाटात ठेव, खोलीवर एकटा असताना त्या लोकांना दार उघडू नकोस, आणि रात्री गाडी अनोळखी वस्तीत शिरण्यापूर्वी... पाहिलेस, पुन्हा तेच. उपदेशाबद्दल राग मानू नकोस.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तू माझ्या पोटात होतास. सास्तूरला ढिगाऱ्यांतून काढलेल्या माणसांच्या जखमा मी पावसात कंदिलाच्या उजेडात बांधत होते. तुझे बाबा मला न्यायला आले आणि मी त्यांना तसेच परत पाठवले. त्यांनी नंतर कधी त्याबद्दल मला बोल लावला नाही. तेव्हा तुला थांबवायला मी कोणत्या तोंडाने सांगू? त्या रात्री डोक्यातून रक्त गळत असतानाही तू रुग्णाची छाती दाबणे थांबवले नव्हतेस, हे पायलटकाकांच्या बायकोने मला सांगितले. ते मी शेजारच्या सगळ्यांना सांगून झाले आहे, आणि मग देवघरात बसून रडलेही आहे.

तरीही एक महिना दिवसपाळी मागून बघ. वरिष्ठांपुढे तोंड उघडायचा तुला पहिल्यापासून संकोच, तुझ्या आजोबांसारखाच; पण दुखण्याचा कागद हातात असताना मागण्यात लाज कसली? आणि मागणारच नसशील, तर गाडीवर जो नवा पायलट येईल त्याचा नंबर मला कळव. मी त्याला त्रास देणार नाही. फार तर पहाटे एकदा फोन करीन.

तुझी,
आई