गाठीची कड नीट बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ग्रॉसिंगच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव उघड्या डोळ्यांनी तपासून कापण्याच्या टेबलावर डब्यांची रांग लागलेली असते, ठाऊक आहे मला. तरी यकृताचं स्पेसिमेन (काढलेला भाग) आलं की आकार मोजून, सूक्ष्मदर्शकासाठी चार लहान तुकडे, म्हणजे ब्लॉक, घेऊन मोकळी होऊ नकोस. आधी गाठीची कड बघ.

हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचे, म्हणजे यकृताच्या पेशींतच सुरू होणाऱ्या कॅन्सरचे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे तीन प्रकार एगल या संशोधकाने १९०१ मध्येच सांगितले होते. जपानी तज्ज्ञांनी पुढे त्यातल्या गाठीच्या प्रकाराचे पोटभेद केले, आणि रोजच्या कामात तेच जास्त उपयोगी पडतात. एकच गोल गाठ, भोवती पांढुरकी कॅप्सूल (आवरण), ही त्यातली बरी. त्याच गाठीला एका बाजूने कोंब फुटल्यासारखा फुगवटा येऊन तो यकृतात घुसला असेल, किंवा अनेक लहान गाठी एकमेकींत मिसळून कड वेडीवाकडी झाली असेल, तर जपून. अशा गाठींत पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) बारीक फांद्यांत कॅन्सरच्या पेशी सापडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ऑपरेशननंतर रोग लवकर उलटतो. तसाही हा कॅन्सर रिसेक्शननंतर (गाठ कापून काढल्यावर) ५ वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत परततो.

म्हणून सगळे ब्लॉक मधूनच घेऊ नकोस. मोठ्या गाठीत तिथे पुष्कळदा मेलेला भागच हाती लागतो. गाठ आणि लगतचं यकृत एकाच तुकड्यात येईल असे कडेचे ब्लॉक चारी बाजूंनी घे. काप पातळ ठेव. मुख्य गाठीशेजारची दोन-तीन मिलिमीटरची उपगाठ जाड कापात हमखास निसटते. रंगही ताजेपणीच टिपून ठेव, कारण पित्त बनवणारी गाठ फॉर्मॅलिनमध्ये आणखी हिरवी पडते.

गाठीपासून लांबच्या यकृताचा एक ब्लॉक मात्र विसरायचा नाही. सिरॉसिस (यकृत व्रणांनी घट्ट, गाठीगाठींचं होणं) असेल तर छान कॅप्सूलवाली गाठ पूर्ण निघाली तरी उरलेल्या यकृतात नवी उगवू शकते. तिथे गाठीच्या रूपावर भिस्त ठेवून चालत नाही.

एमआरआयवर कड ओबडधोबड दिसली म्हणून सर्जनने कदाचित मार्जिन, म्हणजे गाठीभोवती काढलेली चांगल्या यकृताची पट्टी, रुंद ठेवलं असेल, यकृताचा अख्खा सेगमेंट (विभाग) काढला असेल. त्याचा अंदाज बरोबर होता का, हे त्याला तुझ्याच रिपोर्टवरून कळणार. रुग्णाला पुढे किती लवकर तपासणीला बोलवायचं, हे ठरवतानाही तो रिपोर्टच समोर असतो. या आजारात नुसतं 'गाठ ४ सेंमी' लिहिणं मला त्या माणसावर अन्याय वाटतो.

पुढचं यकृत आलं की कडेचं वर्णन तुझ्या शब्दांत लिहून मला पाठव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई