मास्तरबरोबर फ्रेंच ब्रंच

प्रिय मित्रा,

स.न.वि.वि. वगैरे सगळं आलं असं समज. फोनवरच सांगणार होतो पण तू मध्येच तोडतोस, आणि विषय असा आहे की तू तोडशीलच, म्हणून सरळ लिहायला बसलो. रविवारी मी मास्तरबरोबर ब्रंचला गेलो होतो. हो, त्याच, आपल्या होस्टेलमधल्या मास्तरबरोबर. आता वाचायचं थांबू नकोस, पुढे खाण्याचं बरंच आहे.

तर झालं असं की मास्तरनं बेकिंगचा कोर्स केलाय (तुला कळलं नसणारच, कळणार कसं, बोलता कुठे तुम्ही) आणि त्याला दुसऱ्यांचं क्रोसाँ (लोण्याच्या थरांचा तो पाव) तपासायचं होतं, एकट्यानं टेबल अडवून बसायला बरं वाटत नाही म्हणून मला धरलं. छोटंसं फ्रेंच रेस्टॉरंट, रविवारचा वेगळा ब्रंच मेन्यू. मला आपलं वाटायचं की फ्रेंच लोक सकाळी उठून हेच खात असतील, अंडी काय, चीज काय, सॉस काय. एवढं बोललो मात्र, मास्तर सुरू. म्हणे फ्रान्समध्ये नाश्त्याला अंडी बिंडी काही नसतं, पाव, लोणी, जॅम आणि बाऊलभर कॉफी, विषय संपला. ही ऑम्लेट, कीश (अंडी-क्रीम भरलेली खारी टार्ट) वगैरे सगळी दुपारच्या जेवणातली नाहीतर कॅफेतली मंडळी, ब्रंचसाठी लवकर उठवून आणलेली. आणि ब्रंच ही टूम इंग्रजांची, 1895 मध्ये गाय बेरिंजर नावाच्या माणसानं लेखच लिहिला होता की रविवारी लवकर उठून चर्चनंतर जड जेवण करण्यापेक्षा उशिरा उठून नाश्ता आणि जेवण दोन्ही एकत्र उरका, म्हणजे शनिवारच्या रात्री जागलेल्यांचीही सोय होते आणि माणसं गप्पा तरी मारतात. मला हा बेरिंजर एकदम आवडला.

आधी क्रोसाँ आलं. मी सुरी उचलली तर मास्तरनं हातच धरला माझा, हातानं तोडायचं म्हणे. स्वतः मात्र खायच्या आधी ते आडवं तोडून आतली जाळी बघत बसला, पलीकडच्या टेबलावरच्या बाई आमच्याकडे बघतायत याचं त्याला काही नाही. पिठात लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, गार करत ठेवायचं, परत लाटायचं, अशा तीन घड्या झाल्या की लोण्याचे 27 थर होतात. लोणी फार गार राहिलं तर लाटताना तुटतं, जरा कोमट झालं तर पिठात मुरतं आणि मग थर बीर काही नाही, पावच होतो नुसता. फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी सरळ आकाराचं क्रोसाँ शुद्ध लोण्याचं असतं आणि वाकवलेलं असेल तर त्यात मार्गारिन (लोण्याऐवजी वापरतात ते तेलाचं) असण्याची शक्यता, हा काही कायदा नाही पण रिवाज आहे. आणि गंमत म्हणजे क्रोसाँही मूळचं फ्रेंच नाहीच, व्हिएन्नाच्या किप्फर्लचा, म्हणजे चंद्रकोरीसारख्या पावाचा वंशज, ऑगस्ट झँग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं 1838-39 च्या सुमाराला पॅरिसमध्ये बेकरी टाकली तिथून हे प्रकरण पसरलं. म्हणजे इंग्रजांची वेळ, ऑस्ट्रियाचा पाव आणि नाव फ्रेंचांचं.

मी एग्ज बेनेडिक्ट (पावावर पाण्यात शिजवलेली अंडी, वर सॉस) मागवणार होतो तर तेही न्यूयॉर्कचं निघालं! त्यातला हॉलंडेझ सॉस तेवढा फ्रेंच. पिवळा बलक, लोणी, लिंबू, एवढंच असतं त्यात, पण आच थोडी जरी वाढली तरी बलक शिजून गुठळ्या होतात आणि सॉसच्या जागी भुर्जी मिळते. गर्दीच्या वेळी बऱ्याच किचनमध्ये तो आधीच करून ठेवतात, त्यामुळे मास्तरचं म्हणणं, रविवारी दुपारी हॉलंडेझच्या वाटेला जाऊ नये. मग मी कीश लोरेन घेतली. खरं सांगू, मला नाही एवढी भावली. मूळच्या कीशमध्ये म्हणे चीज नसतंच, अंडी, क्रीम आणि खारवलेलं डुकराचं मांस इतकंच, आणि मधला भाग हलवला तर थरथरला पाहिजे. माझ्या प्लेटमधली चीजनं घट्ट झालेली, पोट भरलं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. शेजारच्यांच्या क्रोक मादामकडे बघत राहिलो. हॅम आणि चीजचं भाजलेलं सँडविच, वर अर्धवट शिजलेलं अंडं. अंडं काढलं की त्याचाच क्रोक मस्यो होतो.

पण ऑम्लेट! मास्तरनं मेन्यूतलं सगळ्यात साधं, सगळ्यात स्वस्त असेल ते मागवलं, साधं ऑम्लेट, वर पार्सली, चाइव्ह्ज, टॅरॅगॉन असा हिरवा पाला बारीक चिरलेला. मी मनात म्हटलं एवढं नटून थटून यायचं आणि ऑम्लेट खायचं? ते आलं ते पिवळंधमक, गुंडाळी केलेलं, एकसुद्धा तपकिरी डाग नाही. मध्यम आचेवर लोणी वितळवायचं, त्याला रंग येऊ द्यायचा नाही, अंडी ओतली की सतत हलवत राहायचं आणि आत अजून ओलसर आहे तोवर तवा तिरका करून गुंडाळी करायची, हे सगळं एक दीड मिनिटात. लपवायला काहीच नाही, सॉस नाही, चीज नाही, त्यामुळे हात कच्चा असेल तर लगेच दिसतो. मी एक घास मागितला आणि मग अर्धं मीच खाल्लं.

आणि तेव्हा तो म्हणाला, "त्याला आवडलं असतं रे हे." मी विचारलं कोणाला. तर म्हणे, होस्टेलच्या मेसमध्ये अंड्याची करपलेली कड काढून ताटाच्या काठाला लावून ठेवणारा आपल्यात दुसरा कोण होता.

मी काही बोललो नाही. मग गोड आलं, पाँ पेर्द्यू, शिळा पाव दुधाअंड्यात भिजवून लोण्यात परतलेला, यांनी तो ब्रियोशचा, म्हणजे लोणी-अंडी घातलेल्या मऊ पावाचा केलेला, छान होता. कॉफी अजून नाही. ती गोडाबरोबर येत नाही, गोड संपल्यावर येते, आणि ती आल्यावरही बिल कोणी आणून ठेवत नाही, मागायच्या आधी देणं हे त्यांच्यात उद्धटपणाचं समजतात. मला आधी वैतागच आला होता, कोणी लक्षच देत नाहीये असं वाटून. पण त्या मधल्या रिकाम्या वेळात करायला काही नसतं ना, मेन्यू गेलेला, प्लेटा गेलेल्या, मग माणूस बोलतो. मास्तर बोलला. त्या ट्रिपच्या हिशोबाचंच बोलला. त्याचं म्हणणं अजूनही तेच आहे की पैसे त्यानं दिले होते, तुझंही तेच असणार, त्यात मी पडत नाही. पण त्यानं हेही सांगितलं की नंतर तू फोन केला होतास तेव्हा तो बघत बसला होता वाजणाऱ्या फोनकडे, आणि उचलला नाही, आणि त्यानंतर आपण कोणत्या तोंडानं करायचा म्हणून राहिलं ते राहिलंच. हे तुला सांग असं तो म्हणाला नाही. सांगू नको असंही म्हणाला नाही, म्हणून सांगतोय.

कोर्सनंतर त्याला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, छोटंसं, फक्त सकाळचं. पहाटे तीनला उठतो लेकाचा, लोणी गार असेपर्यंत लाटायला. वजन कमी झालंय, बडबड मात्र अजिबात कमी झालेली नाही.

तर तू पुढच्या महिन्यात येतोयसच. रविवारचं साडेअकराचं टेबल तिघांसाठी सांगून ठेवतोय, त्याला अजून काही बोललेलो नाही, तू हो म्हणालास की बोलतो. तू ऑम्लेट घे, कीशच्या नादाला लागू नकोस. आणि बिल मी देणार आहे, पूर्ण, तुम्ही दोघांनी खिशात हात घालायचा नाही, तुमच्या हिशोबांचा मला अनुभव आहे. रविवारच्या जागा लवकर भरतात तेव्हा उत्तर लवकर पाठव.

तुझाच,
मी