नील बेटावरच्या रिक्षावाल्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आईने ते विचारलं होतं, तुम्ही सांगितलंही होतं, पण पुढचा दीड दिवस तिने तुम्हाला ‘अरे बाळा’ अशीच हाक मारली, तीही मराठीतून, आणि तुम्ही दर वेळी ओ दिलीत. म्हणून हे पत्रही मराठीतच. कधीतरी फोनवर हिंदीतून वाचून दाखवीन. माझ्या हिंदीला तुम्ही एकदा हसून झालंच आहे.

अंदमानला बहुतेक मराठी माणसं येतात तशाच आम्ही दोघी आलो होतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, डोळे पुसणं. मग हॅवलॉक. आणि परतीच्या वाटेवर ‘नील, 3 तास’. सहल कंपनीने दिलेल्या कागदावर तसंच छापलं होतं. 2018 पासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, पण जेटीवर कुणाच्या तोंडी ती नावं ऐकली नाहीत. कागदावर पुढे होतं: ‘11.00 नॅचरल ब्रिज’.

तो कागद तुम्ही हातात घेतलात, वाचलात, घडी करून मला परत दिलात आणि म्हणालात, “ग्यारह बजे तो जोयार रहेगा, दीदी. पानी में क्या देखेंगे?”

जोयार म्हणजे भरती हे मला लगेच कळलं. आईचं माहेर हर्णैजवळचं, त्यामुळे भरती-ओहोटी आमच्या घरात दूधवाल्याच्या वेळेसारखी बोलली जायची. आजोबांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा होती. मी तोंडातल्या तोंडात पाऊणकी केली आणि तुम्हाला ऐटीत सांगितलं, की सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, संध्याकाळी साडेपाचला लागेल, म्हणजे अंधारात, म्हणजे राहूच दे.

तुम्ही हसलात नाहीत. (हसलात ते माझ्या हिंदीला, नंतर.) एवढंच म्हणालात, की इथे पौर्णिमेला भाटा, म्हणजे ओहोटी, चारच्या आसपास असतो. आजोबांचं गणित नीलला लागू पडत नाही हे मला आधी मानवेचना. पण प्रत्येक किनाऱ्याला चंद्राचं बोलावणं वेगवेगळ्या उशिराने पोचतं; समुद्राचा तळ कसा, किनाऱ्याचं वळण कसं, त्यावर ते ठरतं. पाऊणकी आमच्या किनाऱ्याची होती. तुमच्या किनाऱ्याचा हिशेब तुमच्याकडे होता.

दुपारी आमची परतीची बोट बिघडली. कंपनीच्या माणसाने फोनवर ‘बघतो’ म्हटलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं. त्याच्याबद्दल इतकंच. तुम्ही मात्र आमच्या बॅगा परत रिक्षात टाकल्यात, शेजारच्या वहिनींकडे खोली ठरवलीत, आम्हाला डाळ, भात आणि पडवळाची भाजी खायला बसवलंत आणि म्हणालात, “अच्छा हुआ. अब चार बजे चलते हैं.”

बोट बिघडली याला ‘अच्छा हुआ’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी भेटलेल्या एका माणसाने तिला बघताच सांगून टाकलं होतं, की माताजी गाडीतच बसतील. तुम्ही तिचे पाय पाहिलेत, चप्पल पाहिलीत, आणि घरात जाऊन बायकोचे रबरी बूट आणलेत. तुमच्याकडे भाताच्या चिखलात घालतात ते. मापाला एक बोट मोठे. मग एक काठी. मग वाट तुम्ही निवडलीत: सगळे जातात त्या पायऱ्यांपासून सरळ दगडांवरून नाही, तर आधी वाळूने लांबचा वळसा, मग खडकाचा खरखरीत भाग, शेवाळ टाळून. “हरा मतलब फिसलन, सफेद मतलब टूटेगा, भूरे पर पाँव,” हे तुमचं सूत्र आई अजून म्हणते, जिना उतरतानाही.

पाणी तोवर खरंच मागे गेलं होतं. मुंबईत उधाणाला समुद्र चार मीटरहून जास्त वर-खाली होतो; तुमच्याकडे जेमतेम दोन. पण तळ इतका उथळ की त्या दोन मीटरमध्ये अख्खं अंगण उघडं पडतं. ती दगडी कमान मी फोटोत पाहिली होती. (‘हावडा ब्रिज’ हे तिचं बंगाली वस्तीतलं जुनं नाव तुम्ही सांगितलंत, आणि मग मला ती दुसऱ्या कशासारखी दिसेचना.) खरं सांगू, कमानीपेक्षा तिच्या अलीकडची डबकी मला जास्त आठवतात. एका डबक्याशी तुम्ही आम्हाला थांबवलंत आणि हाताची सावली पाण्यावर धरलीत. तळाशी निळ्या-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला होता, तो सावली पडताच मिटला. सावली काढलीत, थोडा वेळ गेला, उघडला. आईने तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा तुम्ही म्हणालात, “बस, माताजी, उसको भी काम है.”

मग तिने पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा उचलला. देवघरासाठी. तुम्ही तो तिच्या हातून घेतला नाहीत. फक्त सांगितलंत, की विमानतळावर बॅग तपासतात, कायद्याने बंदी आहे, आणि तो मेलेला दिसला तरी त्याच्या भोकांत कुणीतरी राहतं. तिने उलटा करून पाहिलं. आत खरंच एक बोटभर खेकडा होता. तुकडा जिथला तिथे गेला. आई मात्र दोन दिवस म्हणत होती, की एक रिकामा मिळाला असता.

भाट्याची वाट बघत समुद्रमहुव्याच्या झाडाखाली बसलो होतो तेव्हाचं बोलणंही लिहून ठेवते. तुमचे आजोबा पूर्व बंगालमधून आले, साठच्या दशकात त्यांना इथे जंगल तोडून करायला जमीन मिळाली, आणि आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते. किनाऱ्यांना सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर, रामनगर अशी नावं. आई म्हणाली, अख्खं रामायण आहे, हनुमान कुठाय? तुम्ही म्हणालात, तो पूल बांधतोय.

आणि मग 26 डिसेंबर 2004, त्सुनामीचा दिवस. तुम्ही दहा वर्षांचे होतात. रविवार, सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली. तुम्ही म्हणालात, “उस दिन भी पूर्णिमा था.” आई एकदम म्हणाली, “म्हणजे दत्तजयंती.” उत्तर अंदमानात जमीन वर आली आणि प्रवाळ उघडे पडून मेले, दक्षिणेत पोर्ट ब्लेअरच्या बाजूला ती मीटरभर खचली. सिप्पीघाटला तुमच्या काकांची भातखाचरं होती, तिथे तेव्हा शिरलेलं खारं पाणी परत गेलंच नाही. हे सगळं तुम्ही काठीने वाळूत रेघा ओढत सांगितलंत, आवाज न चढवता. त्याच समुद्रात तुम्ही तासाभराने माझ्या आईला हात धरून नेलंत.

पाच वाजता सूर्य बुडाला. तुमची घड्याळं आमचीच, पण सूर्य आमच्या आधी तासभर निघून जातो. दत्तजन्म संध्याकाळचा असतो, आईच्या पिशवीत फोटो होता, पण फूल नाही, नैवेद्य नाही. तुम्ही न सांगता टपरीवरून दोन केळी आणि एक शहाळं आणलंत. वाळूतच तिने हात जोडले. मग तुमच्या फोनवरून, माझ्याला रेंज नव्हती, तिने हर्णैला मामाला फोन लावला. तिकडे अजून उजेड होता, पालखीची तयारी चालली होती. “अरे, आमच्याकडे जन्म झाला,” ती ओरडली, “तुमचे अजून निजलेत!”

रिक्षाचे तुम्ही ठरल्याइतकेच पैसे घेतलेत. जास्त देऊ केले तर रागावलात, म्हणून तो विषय काढत नाही.

विषय दुसराच आहे. तुमच्या बायकोचे बूट आई घालूनच बोटीत बसली, आणि ते पुण्यात येईपर्यंत तिच्या पायात होते. तिची चप्पल तुमच्या ओसरीवर असेल. ती राहू द्या, तिला नवी घेतली आहे. बूट धुऊन पार्सलने पाठवत आहोत. डाव्या बुटात सुंठवड्याची पुडी आहे, उजव्यात कोकम आगळाची बाटली, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. वाटेत फुटली तर लाल रंग बघून वहिनींना घाबरू नका म्हणावं.

तुमची,
त्या माताजींची मुलगी