'नियमित तपासणी करा' एवढ्याने भागत नाही

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगाच्या तपासणीवरच्या तुझ्या व्याख्यानाचा मसुदा मिळाला. कळकळ ओळीओळीत आहे, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं ते बघ. आधी दोन पानं धास्ती आणि अखेरीस 'नियमित तपासणी करा'. कसली तपासणी, कितव्या वर्षी, किती वर्षांनी, आणि अहवालात खोट निघाली तर दुसऱ्या दिवशी कुठे जायचं? घाबरलेला माणूस तपासणी टाळतो. ती दोन पानं सरळ काढून टाक.

त्याऐवजी सुरुवातीलाच श्रोत्यांचे दोन भाग पाड. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी चाळणी तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग. ज्यांना लक्षण आहे त्यांनी स्क्रीनिंगच्या रांगेत उभंच राहायचं नाही. त्यांना हवं निदान. ही सरमिसळ महागात पडते. हाताला गाठ लागते आहे, पण मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, नॉर्मल आली म्हणून बाई निर्धास्त होते. घट्ट ऊतींचा स्तन त्या चित्रात पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती झाकली जाऊ शकते. तेव्हा सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी (बायोप्सी), हे होईपर्यंत विषय मिटत नाही. 'चाचणी नॉर्मल पण लक्षण कायम, तर परत डॉक्टरकडे' हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात घे.

सगळ्यात जास्त वेळ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला दे, कारण इथे आपल्या हातात खूप आहे. जवळजवळ प्रत्येक रुग्णात एचपीव्ही विषाणूचा वर्षानुवर्षं टिकलेला संसर्ग हेच मूळ असतं. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. संसर्ग बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि एक-दोन वर्षांत आपसूक जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांच्यातही कर्करोगापर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर ५ ते १०. मधली सगळी वर्षं रोग पकडायला मोकळी असतात. लस मुख्यतः ९ ते १४ वर्षांच्या मुलींना, विषाणूशी गाठ पडण्याआधी. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही, आणि कर्करोग घडवणारे सगळे प्रकार तिच्यात येत नाहीत, म्हणून लस घेतलेल्या मुलीचीही पुढे तपासणी सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटना ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. या चाचणीचा नमुना बाईला स्वतःच्या हातानेही घेता येतो. हे आवर्जून सांग, संकोचापायी मागे राहणाऱ्या पुष्कळ असतात. पॅप चाचणी (गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन पाहणं) असेल तर ती पाळीच्या दिवसांत नको, आणि आधीचे दोन दिवस संबंध व योनीत ठेवायची औषधं टाळायची, नाहीतर नमुना वाया जातो. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढे भिंगातून पाहतात आणि बिघडलेला भाग गोठवून, तापवून किंवा तारेच्या कड्याने काढतात; बहुतेकदा बाई त्याच दिवशी घरी जाते. मात्र संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही.

स्तनांच्या भागातलं 'दर महिन्याला अशा आठ पायऱ्यांनी तपासा' हे चित्र काढ. शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त कापडगिरणी कामगार स्त्रियांवर यासाठी मोठी चाचणी झाली. २००२ साली आलेला निष्कर्ष असा की शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपल्या स्तनाचं नेहमीचं रूप ठाऊक असणं पुरे. गाठ, कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, रक्ताळ स्राव, काखेतली गाठ, यातलं काही नवं दिसलं की जायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. मॅमोग्राफीचा सर्वाधिक फायदा ५० ते ६९ या वयात, दर दोन वर्षांनी. काही देशांत ४० पासून सुरू करतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, त्याचे कण चित्रात कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात.

'परत बोलावलं' याची भीती घालवायला एक हिशेब मांड. समजा १०,००० स्त्रियांत ५० जणींना रोग आहे आणि चाचणी त्यातल्या ४५ पकडते. उरलेल्या ९,९५० निरोगी स्त्रियांपैकी ७ टक्के, म्हणजे सुमारे ६९६ जणींनाही ती उगीच बोलावते. बोलावलेल्या ७४१ पैकी खरा रोग ४५ जणींना, साधारण सोळा-सतरा जणींत एकीला. आकडे कल्पित आहेत, पण दोन्ही गोष्टी कळतात: बोलावणं म्हणजे शिक्षा नाही, आणि पाच जणी चाचणीतून निसटतातही.

तोंडाची पाहणी तर व्यासपीठावरूनच करून दाखव. उजेड आणि आरसा घ्यायचा, कवळी असेल तर काढायची. ओठ उलटून आतली बाजू, मग दोन्ही गाल बोटाने ओढून आत, हिरड्या, टाळू. जिभेचं टोक कापडात धरून बाजूला ओढायचं आणि दोन्ही कडा पाहायच्या, शेवटी जीभ वर करून खालची जागा. या कडा आणि जिभेखालची जागा हमखास बघायची राहते, आणि रोग तिथेच लपतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा पांढऱ्याहून धोक्याचा), किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं दिसलं, तर मलम बदलत बसू नये.

आतड्यासाठी फिट, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी, सोपी: वर्षाला किंवा दोन वर्षांनी, ४५-५० नंतर. नमुना भांड्यातल्या पाण्याला लागण्याआधी घ्यायचा, नळीवर तारीख घालायची आणि लगेच पोचवायचा. उशीर झाला की रक्त विरतं आणि चाचणी फसते. पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपीच, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून पाहणं. 'मूळव्याध असेल' म्हणून तीच चाचणी पुन्हा करणं हा सगळ्यात सर्रास घोळ. फुफ्फुसासाठी कमी मात्रेचं सीटी स्कॅन फक्त खूप धूम्रपान केलेल्यांना. छातीचा एक्स-रे या कामाचा नाही.

आता थोडं कडू. रक्तातल्या 'ट्यूमर मार्कर'ची, म्हणजे कर्करोगात वाढू शकणाऱ्या सीए-१२५, सीईए अशा पदार्थांच्या चाचण्यांची, पॅकेजं निरोगी माणसाला सुचवू नकोस. सीए-१२५ पाळीतही वाढतं, सीईए धूम्रपानानेही. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली, तेव्हा १९९३ ते २०११ मध्ये रुग्णांची नोंद सुमारे पंधरापट झाली, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. शोधलेली प्रत्येक गाठ जीव वाचवत नाही.

'सुई टोचली की कर्करोग पसरतो ना?' हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. बायोप्सीशिवाय उपचार ठरत नाहीत, आणि सुईमुळे रोग पसरणं अगदी विरळ. बायोप्सीनंतर माणूस घाबरून घरी बसतो, रोग वाढतो आणि बोल सुईला लागतो.

प्रतिबंधाचं थोडक्यात पुरे: तंबाखू कुठल्याही रूपात नको, मद्य जितकं कमी तितकं बरं, आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हेपटायटिस-बीची लस, यकृताच्या कर्करोगाविरुद्धची ती पहिली भिंत.

शेवटचं, आणि यावर तुझ्या मसुद्यात एक ओळही नाही. तपासणी झाल्यावर वही कोण सांभाळणार? नाव, चाचणी, अहवाल कधी हातात दिला, पुढे कुठे पाठवलं, तिथे पोचली का, एवढे रकाने आखून ठेव. स्तनाच्या लक्षणासाठी आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य आहे. तो दिवस वहीत आधीच लिहून टाक. अहवाल सभागृहात नाव पुकारून वाटू नकोस, एकेकीला बाजूला बसवून सांग. वही सांभाळणारा माणूस ठरत नसेल तर कार्यक्रमाची तारीख पुढे ढकल.

मसुदा बदललास की धाड. आकडे मी तपासून देईन.

तुझा,
दत्ता