आई-बाबांना पत्र: डी नदीवरचा मार्च

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, सॅमन नदीत शिरल्यावर काही खातच नाही, मग गळाला लागतो कसा, आणि लागलाच तर सोडून का देतात, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून लिहितेय. मार्चमध्ये इथे स्कॉटलंडला, डी नदीवर आल्यावर उपयोगी पडेल.

आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, तसाच सॅमन अंडी घालायला समुद्रातून नदी चढतो. फक्त वसंतात आलेला मासा अंडी घालतो थेट हिवाळ्याच्या तोंडाशी. तोवर अंगातल्या चरबीवर जगतो. फ्लायवर, म्हणजे गळावरच्या केसांच्या नकली आमिषावर, तोंड मारतो ते चिडून म्हणा, जुन्या सवयीने म्हणा, भुकेने नव्हे. आणि गार पाण्यात तो इतका सुस्त असतो की हातभर हलायचंही त्याच्या जिवावर येतं. म्हणून फ्लाय तळाजवळून, त्याच्या तोंडासमोरून, सावकाश गेली पाहिजे. बाकी सगळी खटपट त्यासाठीच.

रॉड 15 फुटी, दोन्ही हातांनी धरायचा. लाइन बुडणारी. तिच्या टोकाचा नायलॉनचा लीडर जेमतेम मीटर-सव्वा मीटर, 15 ते 20 पौंड ताण सोसणारा. लांब ठेवला तर लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते. फ्लाय म्हणजे दीड-दोन इंची तांब्या-पितळेच्या नळीला बांधलेले केस. काळी-पिवळी-नारिंगी ‘विली गन’ नावाची फ्लाय इथे जुनी आणि भरवशाची. दुकानदार शंभर प्रकार दाखवतो, पण एकच फ्लाय जड, मध्यम आणि हलक्या नळीवर असली की भागतं. रंगापेक्षा खोली महत्त्वाची. पाणी 9 अंशांच्या वर गेलं की तरंगती लाइन आणि बारीक फ्लाय. ती पद्धत आर्थर वुड या सॅमनच्या शौकिनाने याच नदीवर, बँकरी गावाजवळच्या केर्नटनला नावारूपाला आणली.

लाइन समोर आडवी नाही, प्रवाहाच्या दिशेने 45 अंशांत तिरकी टाकायची. पडल्या पडल्या तिचा मधला भाग रॉडने उचलून वरच्या अंगाला ठेवायचा. हे राहिलं तर प्रवाह मधोमध लाइन ओढतो, तिचा बाक होतो आणि फ्लाय माशासमोरून सुसाट निघून जाते. नवशिक्यांचे बहुतेक दिवस इथेच वाया जातात. फ्लाय काठाच्या रेषेत आली की क्षणभर तशीच राहू द्यायची, मग एक पाऊल खाली सरकून पुन्हा.

बाबा, खाडीवर गरी टाकल्यावर झटका द्यायची तुमची सवय इथे मोडावी लागेल! मासा खालच्या अंगाला असतो. झटका दिला की फ्लाय त्याच्या तोंडातून सरळ बाहेर येते. तो फ्लाय घेऊन वळतो, रीळ करकरायला लागतं, लाइनला वजन जाणवतं. तेव्हा कुठे रॉड उचलायचा.

लागलेला मासा रुपेरी असला तरी हुरळून जायचं नाही. बऱ्याचदा तो केल्ट असतो, अंडी घालून समुद्राकडे परतणारा: पोट खपाटीला, डोकं मोठं वाटतं, पर झिजलेले, कल्ल्यांत पांढरे किडे. नुकताच आलेला मासा खांद्याला भरलेला असतो. शेपटीजवळ समुद्री उवा दिसल्या तर शंकाच नको, कारण गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत गळून पडतात.

दोन्ही सोडायचेच. स्कॉटलंडमध्ये 1 एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि डीवर तर वर्षभर सोडतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच दाबून टाकायचा, मासा जाळीत पण पाण्यातच ठेवायचा, तोंड प्रवाहाकडे करून तो आपणहून निघेपर्यंत आधार द्यायचा. कडाक्याच्या थंडीत फोटोसाठी वर उचललं तर कल्ले गोठतात. तेव्हा आई, कालवणाची आशा सोड. गळाने धरलेला सॅमन इथे विकताही येत नाही, बाजारात मिळतो तो बहुतेक पाळलेला.

पहाटे उठायची गरज नाही. साधारण 11 ते 3 हीच वेळ. सकाळी रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं. ते बोटाने खरवडायचं नाही, टोक मोडतं. पाण्यात बुडवलं की सुटतं. कधी नदीतून बर्फाचा लगदा वाहत येतो, त्याला इथे ग्रू म्हणतात. त्यावर लाइन अडून बसते, फ्लाय बुडतच नाही. तेव्हा सरळ थर्मास उघडायचा. ऊन पडून केर्नगॉर्मच्या डोंगरांवरचा बर्फ वितळला तरी पंचाईत: पाणी चढतं आणि आणखी गार होतं. रविवारी सॅमन धरायला बंदी, म्हणून त्या दिवशी बँकरीला फ्यू नदीच्या धबधब्यावर जाऊ. पाणी 5-6 अंशांच्या वर असलं तर मासे उड्या मारताना पुलावरून दिसतील. पाणी त्याहून गार असलं तर ते धबधबा चढत नाहीत.

बाबांनी गुडघ्यापेक्षा खोल जायचं नाही, काठी आणि लाइफ जॅकेटशिवाय तर नाहीच. नदीचा तो पट्टा सांभाळणारा गिली सोबत असतो, तो म्हणेल तिथेच उभं राहायचं. वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायला बुटांसकट जलरोधक विजारी, भाड्याने ठरवायचे आहेत, तर बाबा, जाड लोकरी मोजे घालून पायाचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा. आई, तुझ्यासाठी काठावर झोपडी आहे, आत शेगडी आहे. तरी शाल आण.

तुमची,
मनू